परदेशी पाहुण्याला अरेंज मॅरेज कसं समजवायचं

ऑफिसमधला जर्मन कलीग किंवा बहिणीची अमेरिकन रूममेट घरच्या लग्नाला येणार असेल तर प्रश्न येणारच, आणि पहिला बहुतेक हाच की हे दोघं आधी भेटलेच नव्हते का. तेव्हा प्लीज "आमची हजारो वर्षांची संस्कृती" वगैरे सुरू करू नका, समोरचा नुसती मान डोलावतो.

त्यापेक्षा सरळ मोबाईल काढा आणि व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत आलेला एखादा बायोडेटा दाखवा, नाव-फोटो-नंबर झाकून बरं का. उंची, शिक्षण, पगार, रास, गण, नाडी, गोत्र, देवक, पुण्यात स्वतःचा फ्लॅट, भाऊ विवाहित, मामांचं आडनाव आणि गाव, खाली 'अपेक्षा'. एकेक ओळ कशाला आहे ते सांगत जा. मामांचं आडनाव कशाला, तर त्या गावातलं कोणीतरी ओळखीचं निघतंच आणि मग गुपचूप चौकशी करता येते, मुलगा पितो का, आधी कुठे मोडलंय का. एवढं ऐकलं की पाहुण्याला आपोआप कळतं की इथे दोन घरं एकमेकांना तपासतायत. पत्रिकेचं पण सांगा, ३६ पैकी निदान १८ गुण जुळावे लागतात, त्यात ८ एकट्या नाडीचे, आणि ज्यांचा यावर काडीचा विश्वास नाही ते पण नकार द्यायला "पत्रिका जमत नाही हो" म्हणतात कारण त्यात कोणी दुखावत नाही.

कांदेपोह्यांचं थोडक्यात उरका. आता शहरात तरी बरेचदा आधी कॅफेत भेटतात, मग घरचे, मग साखरपुडा आणि लग्न यांच्यामध्ये महिनोन्महिने रात्री फोन चालू, म्हणजे "अनोळखी माणसाशी लग्न" हे चित्र सरसकट खरं नाही. पण सगळीकडे असंच असतं असंही सांगू नका.

आता अवघड भाग. "जात आता कोण बघतं" असं चुकूनही म्हणू नका, कारण पाहुण्याने मॅट्रिमोनी साईट उघडली की जातीचा फिल्टर त्याला दिसणारच. २०११-१२ च्या भारत मानव विकास सर्वेक्षणात आंतरजातीय लग्नं साधारण ५ टक्केच निघाली होती, ते सांगून टाका. हुंड्याचं पण तसंच, १९६१ पासून कायद्याने बंदी आहे, पण "आम्हाला काही नको, तुम्ही तुमच्या मुलीला हौसेने काय द्यायचं ते द्या" हे वाक्य बैठकीत अजून ऐकू येतं.

जबरदस्तीचं लग्न आणि हे एकच का, असं विचारतील. नाही म्हणा, मुलगी १८ आणि मुलगा २१ पूर्ण हवा, आणि हिंदू विवाह कायदा १९५५ प्रमाणे जबरदस्तीने संमती घेतली असेल तर लग्न रद्द करून घेता येतं. मात्र आईचं बीपी वाढणं, बाबांनी जेवण सोडणं हे कुठल्याच कलमात बसत नाही आणि बरेच होकार तिथूनच येतात, हे पण लपवू नका. माझं मत विचाराल तर खरा वाद तिथेच आहे.

लग्नाच्या दिवशी मुंडावळ्या, अंतरपाट वगैरे बघताना त्याला सगळं कळेलच असं नाही, फक्त अक्षतांचं आधी समजावून ठेवा. प्रत्येक मंगलाष्टकेच्या शेवटी 'सावधान' आलं की चार-चार दाणेच टाकायचे, नाहीतर पहिल्यालाच मूठ रिकामी होते आणि पुढे दोन आत्या आणि एक मावशी स्वतः रचलेल्या म्हणणार असतात. आहेराचं पाकीट ५०१ किंवा १००१ चं, वरचा एक रुपया विसरू नका. आणि जेवणाच्या पंगतीत एखादी काकू त्यालाच वय आणि पगार विचारून "आमच्या बघण्यात एक मुलगी आहे" म्हणणार, त्याची कल्पना आदल्या दिवशीच देऊन ठेवा.