तुरुंगातल्या बायकांना ‘काय हवंय?’ असं विचारू नका

तुरुंगातल्या बायकांना मदत करायला पहिल्यांदा गेले तेव्हा बराकीत उभी राहून मी मोठ्याने विचारलं, “काय हवं-नको ते सांगा.” दारात महिला शिपाई होती. सगळ्यांनी आधी तिच्याकडे पाहिलं, मग म्हणाल्या, “सगळं मिळतं.” आयुष्यभर नर्सची नोकरी केलेली मी, आणि बाईला चारचौघांत विचारायचं नसतं एवढंही विसरले!

या कामात नव्याने येणार असाल तर एकेकीशी वेगळं बोला आणि प्रश्न मोजता येईल असा विचारा. ‘पॅड मिळतात का?’ याचं उत्तर ‘हो’ येतं. ‘मागच्या पाळीला किती मिळाले, अंगावरून किती दिवस जात होतं?’ असं विचारलं की एकच पॅड दिवसभर वापरल्याचं कळतं. दर बाईला तेवढंच पाकीट हा हिशेब कागदावर बरा दिसतो, पण गर्भाशयात गाठी असलेल्या किंवा पाळी जायच्या वयाला आलेल्या बाईला ते दोन दिवसही पुरत नाही. आम्ही एकदा खोकंभर पॅड नेले, तर निम्म्याजणींकडे धड निकर नव्हती. पॅड चिकटवणार कुठे? तेव्हापासून आधी निकरचे माप विचारते. वापरलेले पॅड टाकायला झाकणाची बादली आणि धुवायला पाणी, हेही त्यातच धरा.

तुरुंग प्रशासनाशी बोलताना दयेची भाषा नको. संयुक्त राष्ट्रांच्या महासभेने २०१० साली मंजूर केलेले बँकॉक नियम, म्हणजे महिला कैद्यांना कसं वागवावं याचे नियम, सोबत ठेवा. एकूण ७० आहेत. पॅड मोफत आणि पाणी नियमित मिळावं, हे पाचव्यातच लिहिलंय. प्रसूतीच्या कळा चालू असताना, बाळंत होताना आणि लगेच नंतर बेड्या घालायच्या नाहीत, हा चोविसावा. तो प्रसूतीची तारीख जवळ येण्याआधीच दाखवा. कळा सुरू झाल्यावर वाद घालायला कुणाला वेळ असतो?

पण बायका रात्री झोपत नाहीत त्या पाळीमुळे नव्हे, पोरांमुळे. अटक झाली त्या संध्याकाळी शाळेतून मुलीला कोणी आणलं, हे तीन आठवडे ठाऊक नसलेली आई मी पाहिली आहे. कारण साधं: मोबाइल जमा झाला आणि एकही नंबर पाठ नव्हता. म्हणून नव्याने आलेल्या बाईला पहिल्याच दिवशी फोनमधले चार नंबर कागदावर उतरवून घेऊ द्या, अशी मागणी करा. मुलं किती, वयं काय, सध्या कोणाकडे, याची नोंद व्हायला हवी. ती माहिती इतर बायकांसमोर मात्र वाचू नये. मुलांची भेट बंद करणं ही शिक्षा असू शकत नाही, तेविसावा नियम. भेटीत मुलाला मांडीवर घेता यावं, जाळीपलीकडून बोलण्याने लहान पोराचं समाधान होत नाही.

पत्र लिहून देत असाल तर ती सांगेल तेच लिहा. मी सुरुवातीला शब्द सुधारायचे. एकीने वाचून घेतलं आणि म्हणाली, “ताई, हे माझं नाही वाटत.” मग पुन्हा लिहिलं.

निरोप पोचवायचं कबूल करू नका, परवानगी नसेल तर तुमचं येणंच बंद होईल. आणि ‘पुढच्या मंगळवारी येते’ म्हणालात तर मंगळवारीच जा. त्या अंघोळ उरकून, केस विंचरून बसलेल्या असतात.