शहराचं बंदर, पण गल्ला वेगळा: ऐरोलीत बसून बंदर-नियोजनात येणाऱ्यांसाठी

नवी मुंबईत "मी बंदराचं काम करतो" म्हटलं की समोरचा एकतर "कस्टम्स क्लिअरिंग का?" विचारतो, नाहीतर "करावेच्या चाणक्यला होतास का?" दोन्ही नाही. चाणक्यमधून जहाजावर जाणारी पोरं तयार होतात. आम्ही ऐरोलीच्या ऑफिसात बसून, जहाज जिथे लागतं तो धक्का कधी दुरुस्त करायचा, कुठला वाढवायचा आणि त्याचे पैसे कोण देणार याचा हिशेब मांडतो. आमच्या टीमचा क्लायंट अमेरिकेतलं शहराच्या मालकीचं बंदर आहे. सिव्हिल करून इकडे वळणारी बरीच मुलं विचारत असतात, म्हणून हे लिहितोय.

पहिली अडचण मालकीची. आपल्याकडे न्हावा-शेवाचं बंदर जेएनपीटी (नाव जेएनपीए झालं, तोंडात जुनंच आहे) केंद्राचं, लहान बंदरं आणि जेट्ट्या राज्याच्या मेरीटाइम बोर्डाकडे. ठाणे किंवा नवी मुंबई महापालिकेचं स्वतःचं व्यापारी बंदर ही कल्पनाच आपल्याला नाही. लॉस एंजेलिस आणि लाँग बीचची बंदरं मात्र त्या त्या शहराचीच खाती आहेत. मग नवीन माणूस धरून चालतो की खर्च घरपट्टीतून होत असणार. तसं नाही. कॅलिफोर्निया राज्याने १९११ मध्ये किनाऱ्याची जमीन या शहरांकडे विश्वस्त म्हणून सोपवली. त्यामुळे बंदराची कमाई बंदर, नौकानयन, मासेमारी असल्या कामांतच वापरायची. महापालिकेला खड्डे बुजवायला त्यात हात घालता येत नाही, आणि बंदरानेही करदात्यांकडे बघायचं नाही. लाँग बीचच्या बाबतीत वर्षाच्या ढोबळ उत्पन्नाच्या ५ टक्क्यांपर्यंत रक्कम शहराकडे वळवता येते, तीही किनारपट्टीच्या कामांच्या निधीत. गल्ला वेगळा आहे, एवढं डोक्यात बसलं की पुढचं अर्धं काम सोपं होतं.

गल्ल्यात पैसा येतो कुठून? मुख्यतः टर्मिनल चालवणाऱ्या कंपन्यांच्या भाडेपट्ट्यातून. बंदर जमीन आणि धक्का देतं, कंपनी आपल्या क्रेन लावून माल हाताळते. जेएनपीएतही आता हेच लँडलॉर्ड मॉडेल आहे, १९९९ मध्ये पहिलं खासगी टर्मिनल सुरू झालं तिथपासूनची वाट. भाडेपट्ट्यात बहुधा किमान हमी रक्कम असते: माल कमी आला तरी एवढे द्यायचेच. मोठ्या कामांसाठी बंदर बॉण्ड, म्हणजे कर्जरोखे, काढतं. मालाचा अंदाज कितीही गुलाबी असो, ते घेणारा आधी या हमीकडे बघतो. तुम्हीही तसंच वाचायला शिका.

आता खर्चाच्या शीटमधली एकच ओळ बघू: धक्क्याखालच्या पाईलची, म्हणजे पाण्यात रोवलेल्या खांबांची दुरुस्ती. भरती-ओहोटीच्या पट्ट्यात काँक्रीट रोज भिजतं आणि सुकतं, क्षार आत शिरतात, सळई गंजून फुगते आणि वरचं काँक्रीट पापुद्र्यासारखं सुटतं. इंजिनिअर म्हणून तुम्हाला दोन पर्याय दिसतात. दरवर्षी थोडं पॅचवर्क, किंवा एकदाच पाईलभोवती जॅकेट घालून आयुष्य वाढवणं. कागदावर हे दोन वेगळ्या जगांत जातात. पॅचवर्क हा चालू खर्च, जॅकेट भांडवली. समजा उत्पन्न १००, चालू खर्च ६०, उरले ४० आणि बॉण्डचा वर्षाचा हप्ता ३२. चाळीस भागिले बत्तीस, म्हणजे १.२५. बॉण्डच्या करारात हा भागाकार १.२५ च्या खाली जाणार नाही असं वचन असेल, तर तुम्ही काठावर उभे आहात. त्यात ४ चं पॅचवर्क चालू खर्चात टाकलं की ३६ भागिले ३२, सव्वाच्या खाली! जॅकेट कर्जातून केलं तर चालू खर्च वाढत नाही, पण हप्ता वाढतो. म्हणून दुरुस्तीचा निर्णय पाईल बघून अर्धाच होतो, उरलेला अर्धा या भागाकारात. आणि हिशेब जमावा म्हणून साध्या पॅचवर्कला भांडवली म्हणून दाखवायचा मोह होतो, तो ऑडिटमध्ये पकडला जातो.

गाळ उपशाचं गणित निराळं. अमेरिकेत मुख्य जलमार्गाची खोली राखणं लष्कराच्या इंजिनिअर कोअरकडे असतं आणि त्यासाठी आयात मालाच्या किमतीवर ०.१२५ टक्के कर आहे. धक्क्याला लागून असलेला गाळ मात्र बंदराचा किंवा भाडेकरूचा. नकाशावर ही रेघ कुठे आहे ते आधी विचारा.

शिकायचं काय? आयआयटी मद्रास किंवा खरगपूरचं ओशन इंजिनिअरिंग मिळालं तर उत्तमच, पण साध्या सिव्हिलवाल्याचंही अडत नाही. ताळेबंद वाचता यायला हवा, एमबीए नसलं तरी चालेल. पुणे महापालिकेने २०१७ मध्ये पाणीयोजनेसाठी २०० कोटींचे रोखे काढले, त्याची कागदपत्रं शोधून वाचा. परतफेडीसाठी कुठलं उत्पन्न बाजूला ठेवलंय, एस्क्रो खातं (ठरावीक देण्यासाठीच राखलेलं वेगळं खातं) कसं चालतं, हे आपल्याच उदाहरणात लवकर कळतं. आणि एखाद्या रविवारी ओहोटीची वेळ बघून बेलापूरच्या जेट्टीवर जा. पाण्याची रेषा खाली गेली की भरतीच्या पट्ट्याचा अर्थ पुस्तकाविना समजतो.

वेळेचं आधीच सांगतो. पश्चिम किनाऱ्याचे क्लायंट असतील तर उन्हाळ्यात साडेबारा तासांचा फरक, नोव्हेंबरात घड्याळं मागे गेली की साडेतेरा. त्यांची सकाळ म्हणजे आपलं रात्रीचं जेवण. लॉस एंजेलिसचं आर्थिक वर्ष जुलैत सुरू होतं (लाँग बीचचं ऑक्टोबरात), त्यामुळे आपल्याकडे सगळे मार्चअखेरीने घायकुतीला येतात तेव्हा आमचं बजेटचं काम नुकतं रंगात आलेलं असतं. घरच्यांना हे पहिल्याच महिन्यात समजावून ठेवा, आणि ट्रान्सहार्बरची शेवटची ठाणे लोकल किती वाजता सुटते तेही पाठ करा.