मैत्रिणींनी विणून दिलेलं क्रोशाचं ब्लँकेट: धुवायचं कसं, ठेवायचं कसं, उसवलं तर काय करायचं

मैत्रिणीनं क्रोशाचं ब्लँकेट दिलं की आपण काय करतो, "अगं किती सुंदर" म्हणतो, फोटो टाकतो आणि दिवाणात ठेवून देतो, पाहुणे आले की काढू म्हणून. दोन वर्षांनी उघडलं की घडीवर पिवळी रेघ आणि कुबट वास. म्हणजे वापरून नाही, ठेवूनच खराब झालं. माझं डिसेंबर २०१८ पासून वापरात आहे, थंडीत पांघरायला आणि मे महिन्यात पहाटे चारला कुलरची हवा बोचायला लागली की पायावर ओढायला, आणि अजून धडधाकट आहे, म्हणून हे सगळं लिहून राहिले.

ते आलं कसं तेही सांगते कारण पुढे लागणार आहे. पाय प्लास्टरमध्ये होता आणि त्याच आठवड्यात नागपूरचा पारा ३.५ वर गेला, २९ डिसेंबरला, इथल्या लोकांना आठवत असेल. चौघी मैत्रिणींनी बारा-बारा चौकोन विणले, ४८ जोडले आणि घरी आणून पायावर टाकलं. आता त्या चौकोनांकडे नीट पाहिलं तर कोणता कोणाचा लगेच कळतं. एकीचे खांब (क्रोशातले उभे टाके) इतके घट्ट की चौकोन खाकऱ्यासारखा ताठ, दुसरीचे इतके सैल की करंगळी आरपार जाते, आणि एकीनं नारिंगी रंग सोडून दुसरा हातात घेतलाच नाही (संत्र्याचा बगीचा आहे नं माहेरी). मशीनच्या ब्लँकेटमध्ये हे मिळणार नाही, खरा क्रोशा मशीनवर होतच नाही, बाजारात कुठेही दिसला तरी तो कोणीतरी हातानंच केलेला असतो.

सगळ्यात आधी लोकर कोणती ते विचारा

लाजू नका, ब्लँकेट हातात पडतं त्याच दिवशी विचारा, आणि उरलेला गुंडा मागून घ्या. लेबल असेल तर तेही, त्यावर रंगाचा लॉट नंबर असतो. तोच रंग नंतर बर्डीच्या नाही तर इतवारीच्या बाजारात शोधायला गेलात तर दुकानदार दहा गुंडे काढेल आणि दहाही अर्धा शेड इकडेतिकडे, कारण लॉट बदलला की रंग बदलतो.

आपल्याकडे दुकानात "लोकर" म्हणून जे मिळतं ते बहुतेक वेळा ॲक्रिलिक असतं, खरी मेंढीची लोकर महाग. मैत्रिणीला आठवत नसेल तर उरलेल्या धाग्याचा इंचभर तुकडा चिमट्यात धरून स्टीलच्या ताटलीवर जाळून पाहा (धागा, ब्लँकेट नाही, बाप्पा). केस जळल्यासारखा वास आला आणि राख बोटांनी चुरली गेली तर लोकर. वितळून काळा कडक मणी झाला तर ॲक्रिलिक, त्याला गार होईपर्यंत हात लावू नका. कागद जळाल्यासारखा वास आला तर सुती. हे कळणं फार गरजेचं आहे कारण लोकर गरम पाण्यात चोळली की आकसून नमद्यासारखी होते आणि मग काही केलं तरी परत येत नाही, ॲक्रिलिक आकसत नाही पण इस्त्री किंवा वाफ लागली की लोळागोळा होऊन त्याचा जीवच जातो, आणि सुती सगळ्यात गुणी, फक्त ओलं झालं की दगडासारखं जड. मिसळलेलं असेल तर त्यातल्या सगळ्यात नाजूक धाग्याच्या हिशोबानं चाला.

धुणं

रोज धुवायचं नसतं. मी वर्षातून दोनदा धुते, एकदा थंडी संपताना फेब्रुवारीत आणि एकदा ऑक्टोबरच्या उन्हात. पावसाळ्यात अजिबात नाही, पोळा आणि त्याच्या दुसऱ्या दिवशीची मारबत (इडा-पीडा घेऊन जा म्हणत नागपुरात पुतळ्यांची मिरवणूक काढतात ती) होईपर्यंत हातच लावू नका, तीन दिवस वाळत नाही आणि असा वास धरतं की "कुबट वास घेऊन जा गे मारबत" म्हणायची वेळ येते.

पाणी सकाळी लवकर काढून ठेवा. हे नागपूरकरांना मुद्दाम सांगते, मार्चपासूनच दुपारी गच्चीवरच्या टाकीचं पाणी हात भाजेल इतकं तापतं, नळ थंडाचा असला तरी, आणि लोकरीला तेवढं पुरे. पाणी हाताला कोमटपेक्षा गारच लागलं पाहिजे. बोअरचं जड पाणी असेल तर साबण निघता निघत नाही, तेव्हा नळाचं येतं त्या वेळात उरकून घ्या.

रंग जातो का ते आधी पाहायचं. पांढरा रुमाल ओला करून गडद चौकोनावर मिनिटभर दाबा, रंग आला तर ते ब्लँकेट भिजत ठेवायचं नाही, दहा मिनिटांत धुवून मोकळं व्हायचं. मीठ टाका, व्हिनेगर टाका असं बरेच जण सांगतात, पण विकतच्या रंगीत सुतातून सुटणारा रंग त्यानं पक्का होत नाही, मीठ वरणातच टाका.

मोठ्या टबात पाणी, त्यात लोकरीच्या कपड्यांचं लिक्विड, इझीसारखं कोणतंही, झाकणभर. रिठ्याचं पाणी पण मस्त चालतं, आमची आजी स्वेटर त्यातच धुवायची, फक्त पांढऱ्यावर किंचित पिवळसर झाक येते. मग ब्लँकेट बुडवा आणि दाबा. चोळायचं नाही, ब्रश नाही, धोपटणं तर नाहीच. कणीक दाबतो तसं दाबत राहा, पंधरा मिनिटं ठेवा, पाणी बदला, परत दाबा, फेस संपेपर्यंत.

पिळणं आणि वाळवणं, इथेच सगळे फसतात

मी पण फसले. पहिल्या वर्षी धुतलं आणि चादरीसारखं गच्चीवरच्या तारेवर टाकून दिलं. ओलं ब्लँकेट सुक्यापेक्षा कितीतरी जड असतं आणि ते सगळं वजन वरच्या दोन-चार ओळींवर येतं. संध्याकाळी काढायला गेले तर एक कोपरा वीतभर लांब, कुत्र्याच्या कानासारखा लटकून राहिला होता, आणि तो नेमका सैल विणणाऱ्या मैत्रिणीचा. परत ओलं करून हातानं ओढून-दाबून बराच जाग्यावर आणला, पण पूर्ण नाही आला.

तर असं करा. टबातून उचलताना दोन्ही हात खालून घालून अख्खा गोळा उचला, एका टोकाला धरून नाही. मग जाड टॉवेलवर पसरा, टॉवेलसकट गुंडाळी करा आणि त्यावर पाय देऊन चाला, घरातल्या पोट्ट्यांना सांगा, आनंदानं करतात. दोन टॉवेल तरी लागतील. ॲक्रिलिक किंवा सुती असेल तर जुन्या उशीच्या अभ्र्यात घालून तोंड बांधून मशीनमध्ये मिनिटभर नुसतं स्पिन चालेल, लोकरीला मी ते करत नाही.

वाळवायला बाज सगळ्यात भारी, वरून खालून हवा लागते. जुनी चादर अंथरा, त्यावर ब्लँकेट आडवं पसरून चौकोन हातानं सरळ करा, कोपरे मोजून घ्या, आणि सावलीत ठेवा. बाज नसेल तर दोन प्लास्टिकच्या खुर्च्यांवर जाळी टाकून पण होतं. आपल्या उन्हात रंग एका दिवसात उडतो म्हणणार नाही मी, पण दोन-तीन उन्हाळे तसंच वाळवलं तर लाल रंग गुलाबी होतो, पाहिलंय. दुपारी एकदा उलटवा.

अडकलं, उसवलं

माझ्या ब्लँकेटचा मोठा दुश्मन माझीच जोडवी. रात्री कूस बदलली की खांबाच्या भोकात जोडवं जातं आणि सर्र. धाग्याचा फासा बाहेर आला तर कापायचा नाही, कधीच नाही. क्रोशाच्या सुईनं किंवा बोथट सुईनं शेजारचे टाके एकेक करून ओढत तो फासा दोन्ही बाजूंना वाटून टाका, दहा मिनिटांचं काम आहे.

धागा तुटलाच तर घाबरू नका. सलायांवर विणलेल्या स्वेटरसारखा एक टाका सुटला की वरून खालपर्यंत शिडी होत नाही, क्रोशात जवळजवळ प्रत्येक टाका जिथल्या तिथे बंद झालेला असतो, त्यामुळे भोक आहे तिथेच थांबतं, फक्त ओढू नका. उघडा फासा लगेच सेफ्टी पिनमध्ये अडकवा. मग त्या राखून ठेवलेल्या गुंड्यातला धागा घ्या, भोकातल्या साखळ्या आणि खांब परत घाला, आणि टोकं निदान चार बोटं लांब सोडून बोथट सुईनं उलट्या बाजूनं आधी एकीकडे, मग वळून दुसरीकडे ओवा. नुसती गाठ मारून कापली तर दोन धुण्यांत सुटते.

चौकोनांमधली शिवण उसवणं तर सगळ्यात सोपं, टाचून टाका. आणि चौकोनाच्या अगदी मधलं भोक मोठं होत असेल तर आतल्या फाश्यांमधून गोल धागा फिरवून बटव्याच्या नाडीसारखा ओढायचा आणि मागे पक्का करायचा.

ठेवणं

पूर्ण वाळलं याची खात्री झाल्याशिवाय घडी नाही. प्लास्टिकच्या पिशवीत नाही, जुन्या सुती साडीत गुंडाळा. हँगरवर टांगू नका, वर गाद्या रचू नका, आणि दोन-तीन महिन्यांनी काढून घडी वेगळ्या जागी मोडा. खऱ्या लोकरीलाच कसर खाते, ॲक्रिलिकच्या वाटेला जात नाही, पण मळ आणि तेलाचे डाग असले की बाकीचे किडे येतात, म्हणून मळकं ठेवायचं नाही. मी वाळलेला कडुलिंबाचा पाला पुरचुंडीत बांधून ठेवते. डांबराच्या गोळ्या बाळाच्या ब्लँकेटमध्ये तर बिलकुल नको, जी-सिक्स-पी-डी नावाचं एन्झाइम जन्मतः कमी असलेल्या बाळांच्या रक्तातल्या लाल पेशी त्यानं फुटू शकतात, आणि बाळाला ते आहे की नाही हे घरात कोणाला माहीत असतं? लोकरीला कसर लागलीच असेल तर घट्ट पिशवीत बंद करून आठवडाभर फ्रीझरमध्ये ठेवा, मटाराच्या पाकिटांशेजारी, घरचे हसतील, हसू द्या.

शेवटचं काम, उलट्या बाजूला कोपऱ्यात सुती पट्टी शिवून त्यावर विणणारीचं नाव, वर्ष आणि धागा कोणता ते लिहून ठेवा, साधा दोरा आणि उलटी टीप, म्हणजे पुढे कोणाच्याही हातात गेलं तरी गरम पाण्यात जाणार नाही. माझ्या पट्टीवर तीनच नावं आहेत. नारिंगीवाली म्हणाली, "माझं काहून लिहून राहिली, दिसत नाही का?"