ट्रोलिंग मोटरच्या डीप सायकल बॅटरीची तयारी : हंगामाच्या अखेरीपासून नवी बॅटरी बसवण्यापर्यंत

न्यू जर्सीतील मर्सर काउंटी पार्कचे तळे, हॉवेलजवळचा मनास्क्वान जलाशय किंवा वॉरन काउंटीतील मेरिल क्रीक जलाशय या ठिकाणी पेट्रोलच्या इंजिनावर बोट चालवता येत नाही. तेथे फक्त इलेक्ट्रिक मोटरला परवानगी आहे. मोठ्या तळ्यांवर ट्रोलिंग मोटर, म्हणजे बॅटरीवर चालणारी छोटी इलेक्ट्रिक मोटर, मुख्य इंजिनाच्या जोडीला असते आणि मासेमारीच्या जागी पोहोचल्यावर हळूहळू सरकण्यासाठी वापरली जाते. येथे मात्र जाणे, फिरणे आणि परत किनाऱ्याला लागणे हे सगळे तिच्यावरच असते. त्यामुळे वेस्ट विंडसर, प्लेन्सबरो किंवा एडिसनला राहून या पाण्यांवर बारा-चौदा फुटी ॲल्युमिनियमची बोट नेणाऱ्याने तिच्या डीप सायकल बॅटरीची, म्हणजे पुन्हा पुन्हा खोलवर उतरवून चार्ज करता येणाऱ्या बॅटरीची, तयारी बोटीच्या इतर कोणत्याही तयारीच्या आधी करावी. बॅटरी पूर्ण चार्ज झालेली असणे आणि तिच्यात पुरेशी क्षमता उरलेली असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चार वर्षांची जुनी बॅटरीसुद्धा सकाळी व्होल्टमीटरवर १२.७ दाखवते, आणि तरीही तासाभरात दम तोडते. म्हणून पुढील सर्व कामांमध्ये क्षमता दरवर्षी मोजून लिहून ठेवण्याचे काम मी सर्वांत महत्त्वाचे मानतो.

सुरुवात कागदावरच्या हिशेबाने करावी. बॅटरीवर १०० ॲम्पिअर-तास असे छापलेले असते, तेव्हा तो आकडा बहुधा वीस तासांच्या दराचा असतो, म्हणजे ५ ॲम्पिअरचा प्रवाह वीस तास मिळेल असा त्याचा अर्थ. ५५ पौंड थ्रस्टची, म्हणजे तेवढ्या जोराने बोट ढकलणारी, १२ व्होल्टची मोटर पूर्ण वेगात ५० ॲम्पिअरच्या आसपास प्रवाह ओढते. साधा भागाकार केला तर दोन तास मिळायला हवेत, पण शिसे-आम्ल बॅटरीतून प्रवाह जितका जोरात ओढावा तितकी तिची उपयोगी क्षमता कमी होते. हा संबंध जर्मन शास्त्रज्ञ प्यूकर्ट यांनी १८९७ मध्ये मांडला. त्यानुसार दोन तासांऐवजी साधारण सव्वा तास हाती येतो, आणि प्लेट टिकाव्यात म्हणून निम्म्यापेक्षा अधिक क्षमता वापरू नये हा नियम पाळला तर पूर्ण वेगाचा प्रवास अवघ्या ३५ ते ४० मिनिटांचा उरतो. तीच बॅटरी १० ॲम्पिअरवर, म्हणजे संथ गतीने वापरली, तर निम्म्या क्षमतेत चार तास आरामात निघतात. आपल्या नेहमीच्या पाण्यावर सर्वांत लांबच्या कोपऱ्यातून, समोरून वारा असताना, परत यायला किती वेळ लागतो हे एकदा घड्याळ लावून पाहावे आणि तो वेळ या हिशेबाशेजारी लिहावा. बॅटरी बदलायची की नाही याचा निर्णय पुढे याच दोन आकड्यांवर घ्यायचा आहे.

क्षमतेची चाचणी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, बोट उचलून ठेवण्याच्या सुमारास घ्यावी; वसंतात घेतली तर नवी बॅटरी शोधायला सवड उरत नाही. बॅटरी पूर्ण चार्ज करावी, चार्जर काढून रात्रभर तशीच ठेवावी आणि मग विरामावस्थेतील व्होल्टेज मोजावे. पाणी घालण्याच्या साध्या बॅटरीत ते १२.६ ते १२.७ आणि एजीएम बॅटरीत, म्हणजे काचतंतूंच्या थरात आम्ल शोषून ठेवलेल्या बंद बॅटरीत, १२.८ किंवा थोडे अधिक हवे. चार्जर काढल्याबरोबर दिसणारा मोठा आकडा हा केवळ प्लेटच्या पृष्ठभागावरचा भार असतो, त्यावर विसंबू नये. झाकणे उघडणारी बॅटरी असेल तर हायड्रोमीटरने सहाही कप्प्यांची घनता पाहावी. पूर्ण चार्ज झालेल्या कप्प्यात ती १.२६५च्या आसपास येते. पाच कप्पे सारखे आणि सहावा ०.०५०ने खाली असेल, तर तो कप्पा गेला असे समजावे, कारण एक कमकुवत कप्पा सबंध बॅटरीला ओढून खाली आणतो. आम्लाच्या जवळ काम करताना चष्मा आणि रबरी हातमोजे घालणे येथून पुढे प्रत्येक पायरीला गृहीत धरले आहे.

त्यानंतर खरी परीक्षा. बॅटरी उत्पादक जी राखीव क्षमता मिनिटांत छापतात, ती २५ ॲम्पिअरचा भार लावून व्होल्टेज १०.५ पर्यंत उतरायला लागणारा वेळ असते, आणि ही मोजणी घरी बऱ्यापैकी जमते. मोटारगाडीच्या हेडलाइटचे ५५ वॅटचे पाच बल्ब समांतर जोडले की साधारण २३ ॲम्पिअरचा भार तयार होतो. बल्ब फार तापतात, म्हणून ते विटांवर, हवेशीर जागी, मुलांपासून दूर ठेवावेत आणि शेवटपर्यंत तेथून हलू नये. व्होल्टेज १०.५ला पोहोचताच भार काढावा, मिनिटे लिहावीत आणि त्याच दिवशी बॅटरी पुन्हा चार्जरवर लावावी. वर्षातून एकदा एवढा खोल उतार बॅटरीला सोसतो. उतरलेल्या अवस्थेत पडून राहणे मात्र तिला सोसत नाही. आलेला आकडा लेबलवरच्या आकड्यापेक्षा त्याच बॅटरीच्या पहिल्या वर्षीच्या नोंदीशी ताडून पाहावा, कारण आपला भार आणि तापमान प्रयोगशाळेसारखे नसते. थंड बॅटरी कमी मिनिटे देते, म्हणून दरवर्षी चाचणीपूर्वी बॅटरी एक दिवस घरातील तापमानाला ठेवलेली असावी.

हिवाळ्याच्या साठवणीत दोन गोष्टी जपाव्यात. पहिली म्हणजे बॅटरी पूर्ण चार्ज करूनच ठेवावी: पूर्ण चार्ज झालेल्या बॅटरीतील आम्ल न्यू जर्सीच्या कोणत्याही थंडीत गोठत नाही, पण पूर्ण उतरलेल्या बॅटरीतील द्रव, ज्यात आम्लापेक्षा पाणीच अधिक असते, उणे ७ अंश सेल्सिअसच्या सुमारास गोठू लागतो आणि प्लेट वाकतात किंवा कवच फुटते. दुसरी म्हणजे बॅटरी बोटीतून बाहेर काढावी किंवा निदान ऋण टर्मिनल सोडवून ठेवावे, म्हणजे फिश फाइंडरसारखे एखादे उपकरण महिनोन्‌महिने थेंब थेंब वीज ओढत राहणार नाही. महिन्यातून एकदा व्होल्टेज पाहावे आणि १२.४च्या खाली गेले तर चार्ज करावे. काँक्रीटच्या जमिनीवर बॅटरी उतरते ही समजूत जुन्या काळच्या कवचांविषयीची आहे. आजच्या प्लास्टिकच्या कवचाला त्यामुळे काही होत नाही.

पुण्या-नाशकात इन्व्हर्टरच्या ट्यूब्युलर बॅटरीत पाणी घालण्याची सवय असलेल्या वाचकाला मार्चमधील पहिले काम परिचित वाटेल, कारण रसायन तेच आहे. फरक इतका की घरची बॅटरी सदैव चार्जरला जोडलेली असते. बोटीतली बॅटरी आठवडेच्या आठवडे एकटी पडते, हादरे खाते आणि गोठणारी थंडी पाहते. पाणी डिस्टिल्डच घालावे. नळाच्या पाण्यातील खनिजे प्लेटवर साचतात. बॅटरी आधी पूर्ण चार्ज करावी आणि मगच पाणी घालावे, कारण चार्ज होताना द्रवाची पातळी वाढते आणि आधी भरलेले आम्लमिश्रित पाणी झाकणांतून बाहेर येते. प्लेट उघड्या पडल्या असतील तेवढ्यापुरते त्या जेमतेम बुडतील इतके पाणी आधी घालावे, चार्ज करावे आणि मग झाकणाखालच्या नळीच्या तोंडापासून सुमारे ३ मिलिमीटर खाली पातळी आणून ठेवावी. आम्ल कधीही घालू नये. उडते ते पाणी, आम्ल आतच राहते. उन्हाळ्यात हे काम महिन्याला करावे. एजीएम आणि जेल बॅटऱ्यांची झाकणे उघडण्याचा प्रयत्नही करू नये.

बॅटरीवर खापर फोडण्याआधी जोडण्या तपासाव्यात, कारण मोटर मंदावण्याचे निम्मे दोष मला तारेत आणि टर्मिनलवरच सापडलेले आहेत. पांढरा-हिरवा थर खाण्याचा सोडा पाण्यात कालवून धुवावा, हे पाणी झाकणांतून आत जाणार नाही याची काळजी घ्यावी, टर्मिनल तारेच्या ब्रशने चकचकीत करावे, जोडणी घट्ट आवळावी आणि त्यानंतर वरून ग्रीस लावावे. पाकळ्यांचे, हाताने फिरवायचे नट असतील तर ते काढून पान्याने आवळायचे षटकोनी नट आणि लॉक वॉशर बसवावेत. हादऱ्यांनी पाकळ्यांचे नट सैल होतात आणि ५० ॲम्पिअरच्या प्रवाहाला सैल जोडणी म्हणजे तापलेली, वितळलेली जोडणी. नंतर बोट धक्क्याला बांधून मोटर जोरात चालवावी आणि बॅटरीच्या टर्मिनलवर व मोटरच्या प्लगवर एकाच वेळी व्होल्टेज पाहावे. १२ व्होल्टच्या व्यवस्थेत दोहोंत ०.३६ व्होल्टपेक्षा, म्हणजे तीन टक्क्यांपेक्षा, अधिक तफावत असेल तर तार बारीक आहे किंवा एखादा सांधा खराब आहे. एवढ्या मोटरसाठी साधारण ६ गेजची तार आणि ६० ॲम्पिअरचा सर्किट ब्रेकर लागतो, आणि अमेरिकन बोट अँड यॉट कौन्सिलच्या मानकानुसार तो ब्रेकर बॅटरीपासून तारेच्या ७ इंचांच्या आत असावा. तारेला संरक्षण मिळते ते ब्रेकरच्या पुढे, त्यामागच्या उघड्या तुकड्याला ते मिळत नाही.

हंगामातील शिस्त थोडक्यात सांगता येते. एखाद्या तासाची फेरी झाली तरी त्याच संध्याकाळी बॅटरी चार्जरवर लावावी. अर्धवट उतरलेल्या बॅटरीत प्लेटवर साचणारे सल्फेट सुरुवातीला मऊ असते आणि चार्ज केल्यावर विरघळते. दिवस गेले की त्याचे कठीण स्फटिक होतात आणि तेवढी क्षमता कायमची जाते. बहुतेक बॅटऱ्या वापराने मरण्याआधी या दिरंगाईने मरतात. १०० ॲम्पिअर-तासांच्या बॅटरीला १० ॲम्पिअरचा, टप्प्याटप्प्याने व्होल्टेज बदलणारा चार्जर योग्य ठरतो, आणि त्यावर बॅटरीचा प्रकार अचूक निवडलेला असावा. चार्जिंगच्या शेवटी बॅटरीतून हायड्रोजन बाहेर पडतो आणि हवेत त्याचे प्रमाण चार टक्के झाले की एक ठिणगी पुरते. म्हणून बोटीचे झाकण आणि गॅरेजचे दार उघडे ठेवावे, आणि चिमटे लावण्या-काढण्यापूर्वी चार्जर भिंतीतून बंद करावा.

आता बदलण्याचा निर्णय. कवच फुगले असेल, एखादा कप्पा गेला असेल किंवा पूर्ण चार्जनंतर रात्रभरात व्होल्टेज १२.४च्या खाली येत असेल तर विचार करत बसू नये. याव्यतिरिक्त माझा निकष असा आहे की चाचणीची मिनिटे पहिल्या नोंदीच्या सत्तर टक्क्यांवर आली की पैशांची तरतूद सुरू करावी आणि साठ टक्क्यांवर बॅटरी बदलावी. परतीच्या प्रवासाला लागणारा वेळ उरलेल्या क्षमतेच्या निम्म्यापेक्षा जास्त होत असेल तर त्याही आधी बदलावी. २४ किंवा ३६ व्होल्टसाठी दोन-तीन बॅटऱ्या मालिकेत असतील तर त्या सर्व एकाच वेळी, एकाच कंपनीच्या, एकाच क्षमतेच्या आणि शक्यतो एकाच महिन्यातल्या घ्याव्यात. जुनीच्या जोडीला नवी लावली की जुनी आधी उतरते, नवी तिला ओढत राहते आणि दोघींचेही आयुष्य घटते.

खरेदीत कोल्ड क्रँकिंग ॲम्प्सच्या मोठ्या आकड्याला भुलू नये. तो गाडी सुरू करण्याच्या क्षणिक जोराचा आकडा आहे आणि त्यासाठी प्लेट पातळ व पुष्कळ असतात. डीप सायकल बॅटरीत त्या जाड असतात. आपल्याला ॲम्पिअर-तास आणि राखीव मिनिटे हवीत. ग्रुप २७ची बॅटरी सुमारे १२ इंच आणि ग्रुप ३१ची सुमारे १३ इंच लांब असते, तेव्हा दुकानात जाण्यापूर्वी बॅटरीचा खण मोजावा. उत्पादनाचा महिना कवचावर बहुधा अक्षर आणि अंक यांत असतो, ए म्हणजे जानेवारी आणि शेजारचा अंक वर्षाचा. सहा महिने दुकानात पडून असलेली बॅटरी नाकारावी. लिथियम आयर्न फॉस्फेटची बॅटरी महाग, पण १०० ॲम्पिअर-तासांना तिचे वजन शिसे-आम्ल बॅटरीच्या निम्म्याहून कमी असते आणि जवळजवळ सगळी क्षमता वापरता येते. जी माणसे एकट्याने बोट उतरवतात त्यांना मी आता तीच सुचवतो. तिला वेगळा चार्जर लागतो, शून्य अंश सेल्सिअसखाली ती चार्ज करू नये, हिवाळ्यात ती निम्म्याच्या आसपास चार्ज करून ठेवावी, आणि तिचे व्होल्टेज टिकून राहत असल्याने पूर्ण वेगात किती वेळ चालवावे हे मोटरच्या माहितीपुस्तिकेत आधी वाचावे.

बदलाच्या दिवशी अंगठी आणि हातातले कडे काढून ठेवावे. जोडण्यांचे छायाचित्र घ्यावे, तारांना खुणेची चिकटपट्टी लावावी. काढताना आधी ऋण तार, बसवताना ती सर्वांत शेवटी. शिसे-आम्ल बॅटरी २५ ते ३० किलोंची असते, तेव्हा ती पट्ट्याने आणि दोघांनी उचलावी. नवी बॅटरी खणात पट्ट्याने अशी बांधावी की हाताने ढकलल्यास हलणार नाही, धन टर्मिनलवर रबरी टोपी चढवावी आणि पहिल्या फेरीआधी ती पूर्ण चार्ज करावी, कारण दुकानातून ती क्वचितच पूर्ण चार्ज होऊन येते. कवचावर बसवल्याचा महिना आणि वर्ष न पुसणाऱ्या शाईने लिहावे.

जुनी बॅटरी कचऱ्यात टाकता येत नाही. ती उभीच, प्लास्टिकच्या टबात ठेवून विक्रेत्याकडे न्यावी. नवी घेताना भरलेली अनामत, ज्याला येथे कोअर चार्ज म्हणतात, ती परत मिळते, म्हणून पावती जपावी. नव्या शिसे-आम्ल बॅटरीची क्षमता सुरुवातीच्या काही फेऱ्यांत थोडी वाढत जाते, त्यामुळे पायाभूत नोंद पहिल्याच दिवशी घेण्याऐवजी पंधरा-वीस चार्जिंगनंतर, त्याच पाच बल्बांवर आणि घरातील त्याच तापमानाला घ्यावी.