कार्यालयातील दिवाळीची वर्गणी कशी हाताळावी
दिवाळीच्या तोंडावर साहेबांच्या भेटवस्तूसाठी वर्गणीची यादी फिरू लागली, की आधीच्या नावांपुढचे आकडे पाहून आपला आकडा ठरवू नये. घरखर्चातून झेपेल ती रक्कम आधीच ठरवावी आणि कारणे न देता तेवढीच द्यावी. गोळा करणाऱ्याने रकमा लिहून न घेता बंद पाकीट फिरवावे. खरे तर साहेबांनीच अशी भेट आधी नाकारणे उत्तम. बोनस रखडल्याचा राग मात्र वर्गणीवर काढू नये. पात्र कर्मचाऱ्यास किमान ८.३३ टक्के बोनस देणे कायद्याने बंधनकारक असून तो सर्वसाधारणपणे हिशेबी वर्ष संपल्यापासून ८ महिन्यांत मिळायला हवा, म्हणून मनुष्यबळ विभागाकडे लेखी विचारणा करावी आणि अर्जाची पोच जपून ठेवावी.