मालीश केंद्राकडे पहिल्या पन्नास जणी कशा आणाव्यात

मालीश केंद्र नव्याने सुरू करणारी प्रत्येक जण मला आधी हेच विचारते की जाहिरात कुठे करावी. त्याआधी कागद-पेन घेऊन आपल्याला ग्राहक किती हवेत, हे मोजावे. एकट्या बाईच्या हातून दिवसाला तासाभराच्या चार मालिशी नीट होतात. पाचवीच्या वेळी अंगठे आणि मनगटे भरून येतात आणि तो थकवा समोरच्या बाईला हातातून लगेच कळतो. महिन्यात कामाचे २५ दिवस धरले तर या १०० मालिशी झाल्या, आणि प्रत्येक जण महिन्यातून दोनदा येत असेल तर अवघ्या ५० जणी पुरतात. मी साताऱ्यात केवळ महिलांसाठी दोन टेबलांचे केंद्र चालवते. एवढ्या शहरात पन्नास जणी शोधणे अवघड नाही, अवघड आहे तो त्यांच्या मनातला संकोच घालवणे.

मालीश आपल्याकडे नवी नाही. बाळंतिणीला सव्वा महिना मालीशवाली बाई येते, तालमीत पैलवान एकमेकांना रगडतात, नरकचतुर्दशीला घरोघर तेल-उटणे लागते. मात्र पैसे देऊन, अनोळखी जागी, अनोळखी बाईसमोर कपडे उतरवून झोपायचे म्हटले की चांगली शिकलेली बाईसुद्धा बिचकते, आणि ‘मसाज’ हा शब्द काही लोकांनी इतका बदनाम केला आहे की घरी तो उच्चारायचीही तिला चोरी होते. सुरुवातीला माझ्या पाटीवर ‘फुल बॉडी मसाज’ असे लिहिले होते आणि तेच शब्द छापलेली २,००० पत्रके मी वर्तमानपत्रांतून वाटली. आठवडाभर फोन आले ते बहुतेक पुरुषांचे, आणि त्यांतले काही इतके घाणेरडे की मी अनोळखी क्रमांक उचलणेच बंद केले. त्यानंतर पाटी बदलून ‘अभ्यंग व मालीश, फक्त महिलांसाठी’ एवढेच लिहिले, खाली वेळ आणि दर घातले, तसे फोन कमी झाले, परंतु जे आले ते कामाचे आले. म्हणून पाटीचे शब्द ठरवताना आपल्या सासूबाईंना किंवा शेजारच्या काकूंना ते मोठ्याने वाचायला सांगावेत. वाचताना त्या अडखळल्या तर शब्द बदलावेत. दुकाने व आस्थापना कायद्याखालची नोंद (कामगार थोडेच असतील तर ऑनलाइन सूचना पुरते) आणि प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र दारातून दिसेल असे लावावे.

पहिला फोन येतो तेव्हा बाई विचारते दर, पण तिला जाणून घ्यायचे असते वेगळेच. मालीश कोण करणार, कपडे किती काढावे लागतील, खोलीला आतून कडी आहे का, चादर धुतलेली असते का, तेल अंगाला लागून घरी जाताना कपडे खराब होतील का, हे प्रश्न ती सहसा विचारत नाही आणि उत्तर न मिळाल्यामुळे येतही नाही. तिने विचारायची वाट न पाहता आपणच सांगावे: मालीश मी स्वतः करते, अंगावर चादर असते आणि ज्या भागाची मालीश चालू असेल तेवढाच उघडा राहतो, तुम्हाला नको असेल तो भाग सोडून देते, नंतर गरम पाण्याने अंघोळीची सोय आहे. ही माहिती व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसमध्ये तयार उत्तर म्हणून साठवून ठेवावी, म्हणजे फोन ठेवताच पाठवता येते आणि ती घरी नवऱ्याला किंवा सासूलाही दाखवू शकते.

तरीही पहिल्याच भेटीत संपूर्ण अभ्यंगाला तयार होणाऱ्या थोड्याच. त्यांच्यासाठी माझ्याकडे काशाची वाटी आहे. वीस-पंचवीस मिनिटे खुर्चीत बसायचे, पाय कोमट पाण्याने धुऊन पुसायचे, तळव्याला साजूक तूप किंवा खोबरेल लावून वाटी टाचेकडून बोटांकडे गोल गोल फिरवायची. एकही कपडा काढावा लागत नाही, खर्च कमी असतो, आणि तेवढ्या वेळात बाई जागा बघते, माझे हात कसे आहेत ते अजमावते, मनातले बोलू लागते. माझ्या नियमित ग्राहकांपैकी बऱ्याच जणी अशा पायांपासून सुरू झाल्या आहेत, त्यामुळे ‘पहिल्या वेळी निम्म्या दरात’ अशा सवलतीपेक्षा लहान, पूर्ण दराची पहिली भेट मला अधिक योग्य वाटते. निम्म्या दराने आलेली बाई पुढच्या वेळी पूर्ण दर द्यायला नाखूश असते. वाटी घासता घासता तळवे काळे पडतात, तेव्हा ‘अंगातली उष्णता निघाली’ किंवा ‘विषारी द्रव्ये बाहेर पडली’ असे सांगण्याचा मोह होतो. तो काळेपणा धातू, तूप आणि घाम यांच्या घर्षणातून येतो, आणि मी तसेच सांगते. खरे सांगितल्याने कोणी परत गेलेले नाही.

हाच नियम जाहिरातीलाही लावावा. अमुक तेलाने लकवा, मधुमेह, लठ्ठपणा किंवा रक्तदाब बरा होतो, अशी जाहिरात करणे १९५४ च्या औषधे व जादूचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियमाखाली गुन्हा आहे. आपण फिजिओथेरपिस्ट नसलो तर तो शब्द पाटीवर घालू नये. अंग हलके होते, आखडलेले खांदे सैल होतात, झोप चांगली लागते, एवढे म्हणणे पुरेसे आहे.

पहिल्या भेटीत एक पानाचा अर्ज भरून घ्यावा: ताप आहे का, अलीकडे शस्त्रक्रिया झाली आहे का, रक्त पातळ होण्याच्या गोळ्या चालू आहेत का, दिवस गेले आहेत का, त्वचेवर काही संसर्ग आहे का. आयुर्वेदातही अजीर्ण झालेल्याला अभ्यंग वर्ज्य सांगितला आहे. एकाच पायाची पोटरी एकाएकी सुजलेली, गरम आणि दुखरी असेल तर तिथे हात लावू नये, कारण शिरेत रक्ताची गुठळी असू शकते. बाईला त्याच दिवशी डॉक्टरांकडे पाठवावे. अशी नाकारलेली मालीश म्हणजे बुडालेले पैसे नव्हेत. मी चिठ्ठी देऊन पाठवलेल्या एका आजींच्या डॉक्टरांनी पुढे स्वतःच्या रुग्णांना माझे नाव सांगितले. परिसरातल्या डॉक्टरांना जाऊन भेटावे, आपला अर्ज दाखवावा, आपण काय करत नाही ते आधी सांगावे. रुग्ण पाठवल्याबद्दल टक्केवारी मात्र कधीही देऊ करू नये. २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेनुसार डॉक्टरांना ती घेण्यास मनाई आहे आणि भला डॉक्टर ते ऐकून दार बंद करील.

ग्राहक भेटतात ते बायका जिथे निवांत असतात तिथे. संक्रांत ते रथसप्तमी हा हळदी-कुंकवाचा काळ मी सोडत नाही. वाण म्हणून तिळाच्या तेलाची छोटी बाटली देते, बाटलीवर केंद्राचे नाव असते, आणि ज्यांची इच्छा असेल त्यांच्या डोक्याला तिथेच पाच मिनिटे तेल घालते. बोलावताना विधवा मैत्रिणींना वगळू नये; थकवा सगळ्यांनाच येतो. सकाळी अजिंक्यतारा चढणाऱ्या बायकांचे गट आणि यवतेश्वर घाटातून होणाऱ्या हिल हाफ मॅरेथॉनचा सराव करणाऱ्या मुली, यांच्या पोटऱ्या आणि मांड्या महिनोन्महिने आखडलेल्या असतात. त्यांच्यात जाऊन सरावानंतरचे ताण सोडण्याचे व्यायाम फुकट दाखवावेत. मात्र शर्यतीच्याच दिवशी जोरकस रगडणे टाळावे, हलक्या हातानेच काम करावे. दिवाळीआधीच्या आठवड्यात फराळामुळे कोणी येत नाही, म्हणून त्या दिवसांत मी भाऊबीजेची ओवाळणी म्हणून भावांना आपल्या बहिणींना देता येतील अशी अभ्यंगाची कार्डे विकते. कार्डावर सहा महिन्यांची मुदत घालते. अशा कार्डावर आलेली बहीण पुढे स्वतःच्या पैशाने येते.

गुगल नकाशावर केंद्राची नोंद विनामूल्य करता येते. ती करून चादरी, कपाट, दार यांची खरी छायाचित्रे टाकावीत. ग्राहकाचे छायाचित्र कधीही टाकू नये. अभिप्राय मागावा, पण त्याच्या बदल्यात सवलत देऊ नये, गुगलच्या नियमांत ते बसत नाही. व्हॉट्सअ‍ॅपची ब्रॉडकास्ट यादी फक्त आपला क्रमांक साठवलेल्यांनाच पोहोचते, म्हणून पहिल्या भेटीतच तो साठवून घ्यायला सांगावे, आणि महिन्यातून एकापेक्षा जास्त निरोप पाठवू नयेत.

सर्वांत जास्त उपयोग होतो तो वहीचा. प्रत्येकीच्या नावापुढे दुखरी जागा, वापरलेले तेल, हाताचा जोर आणि ‘कोणाकडून कळले’ हा रकाना ठेवावा. तिसऱ्या दिवशी ‘उजवा खांदा कसा आहे?’ एवढे विचारावे. पुढची वेळ ठरवायची घाई त्यात नको. महिनाअखेर तो शेवटचा रकाना वाचला की पत्रकांचे, नकाशाचे, हळदी-कुंकवाचे खरे उत्पन्न कळते आणि पुढच्या महिन्याचा खर्च कुठे करायचा ते ठरते. माझ्या वहीत एकाच शिक्षिकेचे नाव त्या रकान्यात नऊ वेळा आले आहे. तिला मी पैसे देऊ केले नाहीत. ती येते तेव्हा मालीश झाल्यावर तिच्या डोक्याला दहा मिनिटे जास्त तेल घालते.