सशाची मादी गाभणच राहत नाही? आधी या चुका टाळा

ससे पाळायला घेतले की दोन-तीन महिन्यातच हा प्रश्न येतो, नर आहे, मादी आहे, क्रॉस (मिलन) पण झाला मग पिल्लं कुठायत. बऱ्याचदा मादीत काहीच खोट नसते, आपणच तिला गाय-शेळीच्या हिशोबात बसवलेलं असतं. गाय साधारण 21 दिवसांनी माजावर येते आणि रेतन होवो न होवो, अंडं आपोआप सुटतं. सशात तसं नाहीये. मादीच्या दोन्ही अंडाशयात अंडी पिकून थांबलेली असतात, ती सुटतात नर लागल्यावरच.

हे नीट समजून घ्या कारण पुढचं सगळं यावरच आहे. नर लागला की नसांमधून मेंदूतल्या हायपोथॅलॅमसला खबर जाते, तिथून जीएनआरएच नावाचा हार्मोन सुटतो, तो खालच्या पिट्युटरी ग्रंथीला जागं करतो, मग पिट्युटरी रक्तात एलएच, म्हणजे अंडी सोडवणारा हार्मोन, सोडते आणि मिलनानंतर 10 ते 12 तासांनी अंडी सुटतात. नर लागल्याशिवाय सशात अंडी सुटत नाहीत हे इंग्लंडात वॉल्टर हीप या शास्त्रज्ञाने 1905 साली मांडलं होतं, आणि 1929 मधे फी आणि पार्क्स या संशोधकांनी दाखवलं की मिलनानंतर तासाभराच्या आत पिट्युटरी काढून टाकली तर अंडी सुटतच नाहीत.

आता चुका. पहिली म्हणजे वहीत 21 दिवस मोजत बसणं. सशाच्या मादीला ठरलेलं माजचक्र नाही, अंड्यांची एक तुकडी पिकते, काही दिवस टिकते, विरते, तोवर दुसरी तयार होत असते. अंडी पिकलेली असतात तेव्हा इस्ट्रोजेन (माजाचा हार्मोन) भरपूर असतं आणि मादी नराला घेते, मधले थोडे दिवस ती घेत नाही. त्यामुळे कॅलेंडर नको, निरण (योनीचं तोंड) बघा. लालसर, फुगलेली, ओलसर असेल तर लावा, पांढरट आणि कोरडी असेल तर तीन-चार दिवस थांबा. आणि मादीला नराच्या पिंजऱ्यात न्या, उलटं करू नका, तिच्या जागेत नर घातला की ती त्याच्यावर धावून जाते, कधी कधी चांगलं चावते. क्रॉस झाल्यावर नर बाजूला कलंडतो, ते डोळ्यांनी बघायचं, रात्रभर दोघांना एकत्र सोडून सकाळी "झालं असेल" म्हणायचं नाही.

दुसरी चूक, आज लावली आणि खात्रीसाठी उद्या परत लावली. शुक्राणूंना मादीच्या शरीरात तयार व्हायलाच काही तास लागतात आणि ते तास अंडी सुटण्याच्या वेळेशी बरोबर जुळतात, सुटलेली अंडी मात्र सात-आठ तासच कामाची असतात. म्हणजे दुसऱ्या दिवशी संध्याकाळी लावलेला नर फार उशिरा पोचतो. दुसरा क्रॉस हवाच असेल तर पहिल्यानंतर लगेच, पाच-दहा मिनिटात करून घ्या.

तिसरी चूक सगळ्यात जास्त नुकसान करते आणि तीच कुणाच्या लक्षात येत नाही. तीन-चार माद्या एकाच पिंजऱ्यात. एक मादी दुसरीवर चढली तरी तोच हार्मोनचा मार्ग सुरू होऊ शकतो, अंडी सुटतात, पण शुक्राणू नाहीत. अंडी सुटलेल्या जागी कॉर्पस ल्युटियम नावाची तात्पुरती गाठ तयार होते, ती प्रोजेस्टेरॉन हा गाभण टिकवणारा हार्मोन सोडते आणि मादी खोटी गाभण राहते, 16 ते 18 दिवस. या काळात नर लावून उपयोग होत नाही. सतराव्या-अठराव्या दिवशी ती छातीचे केस उपटून घरटं करायला लागते, लोक खूश होतात की व्याली आता, पण खरी गाभण मादी 31 दिवसांच्या आसपास विते, त्यामुळे तारीख बघा म्हणजे कळेल. माझ्याकडे अशा दोन चांगल्या माद्या "वांझ" म्हणून विकायला निघाल्या होत्या, वेगळ्या ठेवल्या, अठरा दिवस थांबलो, मग नर लावला आणि दोघी व्याल्या. म्हणून क्रॉसच्या आधी मादी अठरा दिवस तरी एकटी हवी. 1930 च्या आसपास अमेरिकेत फ्रिडमनची गर्भचाचणी आली, त्यात बाईची लघवी सशाच्या मादीच्या शिरेत टोचायचे आणि अंडी सुटली का ते बघायचे, सुटली तर बाई गरोदर, तिथेही ससे आधी वेगळे ठेवावेच लागत, नाहीतर निकालावर भरवसा कसा ठेवणार.

कृत्रिम रेतन करणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवा की नळीने वीर्य सोडलं म्हणजे मेंदूला खबर पोचली असं नाही, म्हणून बुसेरेलिनचं (जीएनआरएचसारखंच काम करणारं औषध) इंजेक्शन त्याच वेळी द्यावं लागतं. मोठ्या जनावरांची तीच बाटली असते पण सशाला फक्त 0.8 मायक्रोग्रॅम पुरतं, म्हणजे 4 मायक्रोग्रॅम प्रति मिली ताकदीचं औषध असेल तर 0.2 मिली, आणि हे डॉक्टरांकडूनच करून घ्या. निरण पांढरी असताना इंजेक्शन देऊन काही होत नाही, पिकलेली अंडीच नाहीत तर सुटणार काय? त्याऐवजी एचसीजी (गरोदर बाईच्या लघवीत असतो तो हार्मोन) वारंवार टोचलं तर मादीचं शरीर त्याच्याविरुद्ध अँटिबॉडी तयार करतं आणि नंतर ते लागू पडेनासं होतं.

हिवाळ्यात दिवस अकरा तासांवर येतो तेव्हा माद्या थंडावतात, शेडमधे बल्ब लावून उजेड 14 ते 16 तास करा. आणि एवढं सगळं करूनही मे-जूनमधे काहीच राहत नसेल तर नराकडे बघा, विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हात तापलेल्या नराचं वीर्य परत सुधारायला दीड-दोन महिने लागतात, तोवर मादीला इंजेक्शनं देत बसू नका.